डावी सीट

२५ नोव्हेंबर, सोमवार

बबिताची बाळंतपणाची रजा शुक्रवारी संपते. पुढच्या सोमवारपासून सून ऑफिसात आणि दोन्ही नाती माझ्याकडं. जुळ्या आहेत, अकरा मिनिटांचं अंतर. थोरली आरोही, धाकटी तेजश्री. तेजूला जन्मल्यावर नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आता दोघी सारख्याच भरल्यात.

दुपारचं दूध अंगावरच पाजायचं असं बबितानं ठरवलंय. म्हणजे रोज दोन वाजता दोघींना घेऊन मला कृषी खात्याच्या तिच्या ऑफिसात हजर व्हायचं. आज रिकाम्या हातानं चालून पाहिलं. आमची गल्ली, भाजीवाल्यांची बोळ, नाल्यावरचा पूल, मग मोठा रस्ता. एकोणीस मिनिटं.

रिक्षानं मागच्या आठवड्यात दोनदा नेऊन पाहिलं. दोन्ही वेळा दोघी ओकल्या. मोटारसायकल माझा मुलगा रामेश्वर चाकणला कंपनीत घेऊन गेलाय, आणि इथं असती तरी मला चालवता येत नाही. बत्तीस वर्षं एस.टी.त गेली, पण कंडक्टर म्हणून; लोक अजून 'मास्तर' म्हणतात. दोघींना कडेवर घ्यावं तर उजवा खांदा वर होत नाही. तेव्हा बाबागाडी. दोन सीटांची.

रामेश्वरचा फोन आला. "आबा, तुमच्याच्यानं व्हईल का? न्हाई जमलं तर तसं सांगा. बबिताला म्हणावं सोड नोकरी अन् जा नांदूरघाटला आईपाशी."

"तू तुझी पाळी बघ," मी म्हणालो. "हितं मी हाय."

बबिता दोरीवर लंगोट वाळत घालत होती. या नोकरीसाठी ती तीन वेळा परीक्षेला बसली. एकच लंगोट तिनं दोनदा झटकला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलवर गाड्या बघून डोळे दुखले. दोन तऱ्हा आहेत. एकीत पोरं एकामागं एक बसतात, दुसरीत शेजारी-शेजारी.

एकामागं एक असलेली अरुंद. बोळीतून हातगाड्यांच्या मधून सुळकन निघेल. पण मागचीला पुढच्या सीटच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही. बत्तीस वर्षांत मागच्या सीटवरचा प्रवासी खुशीत असलेला मी पाहिला नाही. शिवाय पुढं कुणी बसायचं हा तंटा आत्ताच कशाला लावून द्या? दोघींना सारखं दिसावं, सारखी हवा लागावी. शेजारी-शेजारीच घ्यायची.

अडचण फाटकाची. गाडी एकतीस इंच, आणि आमच्या फाटकाचं एक झडप उघडलं की अठ्ठावीस. दुसऱ्या झडपाची कडी गंजून बसलीय. घरमालक मोहनरावांकडं गेलो. युसूफ वडगावला त्यांची जमीन आहे, राहायला इथं.

"मास्तर, पोरींसाठी फाटक तोडायचं म्हणता? उद्या त्या कॉलेजात गेल्या की म्हणताल भिंत पाडा."

"तोडायचं न्हाई. कडी उघडायचीय."

"ती माझ्या लग्नात लावलीय. तवापसून कुणी उघडली न्हाई."

"म्हंजी तुमीबी तवापसून आतच हाव म्हणा."

हसून हसून त्यांना ठसका लागला. संध्याकाळी स्वतः तेलाचा डबा आणि हातोडी घेऊन आले.

३ डिसेंबर, मंगळवार

रामेश्वरनं मागवलेली गाडी आली. निळी. चाकं चांगली, ब्रेक पायाचा, वर छत.

सीटा ठरवून दिल्या. आरोही उजवी, तेजू डावी. यात बदल नाही. ऑगस्टमध्ये झालेला घोळ मी विसरलेलो नाही. लोहाचं औषध आरोहीला दोनदा पाजलं गेलं आणि तेजू कोरडीच राहिली. डॉक्टर हसले, पण बबिता रडली. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि दोघी एका साच्यातल्या. मनगटाला काळा दोरा बांधून पाहिला, तर तो एकीच्या तोंडात सापडला. तेव्हापासून अंथरुणावर, मांडीवर, फोटोत, सगळीकडं आरोही माझ्या उजव्या हाताला. रिझर्वेशन झालं की झालं.

पहिली फेरी बावीस मिनिटांत. ऑफिसातला शिपाई म्हणाला, "मास्तर, तिकीट फाडलं का?" मी म्हणालो, पाच वर्षांखालच्यांना माफ असतं.

८ डिसेंबर, रविवार

डाव्या सीटमध्ये खोट आहे. पुलापर्यंत जातो न जातो तोच तेजू डाव्या अंगाला कलते. सरळ बसवावी, पन्नास पावलांवर पुन्हा तेच. उजवीकडं आरोही ताठ. सीट आतून दबली असणार. आमच्या जुन्या गाड्याही डाव्या अंगाला बसायच्या. दार डावीकडं, चढ-उतार डावीकडं, रस्त्याचा उतारही डावीकडं. पण नवी गाडी आठवड्यात बसायला नको होती. रामेश्वरला सांगितलं, परत पाठव.

१७ डिसेंबर, मंगळवार

बदली गाडी आली. तीच जात, रंग करडा. डावी सीट हिचीही तशीच. बनवणाऱ्याचीच चूक दिसते. रामेश्वर फोनवर वैतागला. "आबा, दोन-दोन गाड्या खराब कशा निगतील?"

"तू बसलाय का तिच्यात? मी रोज ढकलतो."

२ जानेवारी, गुरुवार

आज एक गंमत झाली. दोघींच्या पुढं चमचे धरले. आरोहीनं दोन्ही हातांनी ओढले. तेजूनं उजव्या हातानं एक घेतला. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. दुसरा चमचा दिला तर पहिला टाकून पुन्हा उजव्याच हातानं घेतला. डाव्या मुठीत नोटा धरून उजव्यानं तिकीट फाडायचं, हे कंडक्टरला शिकायला सहा महिने लागतात. हिला सातव्या महिन्यात येतंय. आजोबावर गेली.

बबिताला सांगितलं. ती हसली, मग तेजूची मूठ उघडून बघत बसली.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. दोघींचं बोरन्हाण झालं. त्यासाठी नांदूरघाटहून माझी बायको भामाबाई आली. ती तिकडंच असते, माझा धाकटा भाऊ सिदू आणि ती मिळून मेंढरं बघतात. बबितानं पोरींना काळी झबली शिवली होती, हलव्याचे दागिने केले होते. गल्लीतली पोरं जमली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. आरोही दोन्ही हातांनी गोळा करायला लागली. तेजूला लोडाला टेकवून बसवलं होतं. ती उजव्या हातानं एक-एक बोर धरायची. एकदा लोडावरून घसरून डावीकडं पडली आणि डाव्या हाताचा आधारही घेतला नाही. गाल थेट सतरंजीवर. पोरं हसली. ती रडली नाही.

पाहुणे गेल्यावर भामाबाई म्हणाली, "आवं, धाकटीचा डावा हात कावून येत न्हाई फुडं?"

"उजव्या हाताची हाय ती."

"उजव्या हाताचं माणूस डाव्यानं सोताला सावरत न्हाई का? आपलं एकांदं कोकरू आसं एकाच अंगावर बसाया लागलं, तर सिदूभाऊजी—"

"कोकरू न्हाई ती! माणसाचं पोर हाय."

इतक्या जोरात ओरडलो की आरोही दचकली. भामाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि बोरं वेचायला लागली. आज सकाळच्या गाडीनं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "लई शिकलेले हाव तुमी. दावा कुणाला तरी."

मी शिकलेला कसला? दहावी. पण मेंढरांचा हिशेब माणसांना लावायचा नाही, एवढं कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलवाल्या माऊलीकडं गाडी नेली. त्यानं डाव्या सीटखाली पत्र्याची पट्टी मारली आणि रेक्झिनची पाचरीसारखी उशी शिवून घ्यायला लावली. उशी डाव्या बाजूला खोचली की तेजू सरळ दिसते. दोन महिन्यांचा ताप मिटला. येताना भाजीवाली दगडाबाई म्हणाली, "आज दोगी बी राण्यावानी बसल्यात."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सुट्टी, म्हणून बबिता घरी. दोघींना न्हाऊ घालून ती बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. टॉवेल हातात तसाच.

"मामा, एक इचारू? तेजू नीट हाय ना?"

"म्हंजी?"

"अंग चोळताना तिची डावी बाजू कडक लागती. दुधालाबी मूठ उघडत न्हाई. आरोही बसाया लागली, ही न्हाई."

"पेटीत होती ती नऊ दिवस. मागं राहनारच. बोटं काय एकसारखी असतात का?"

"डॉक्टरला दावावं म्हणते."

"नऊ महिन्यांची लस हाय मार्चात. तवा सगळंच बघतेत. आत्ता तुझा मार्चएंड आलाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी दिवसभर बघता तिला. तुमाला वाटतंय ना नीट?"

"वाटतंय."

तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. उठून ती स्वयंपाकाला लागली.

मी खोटं बोललो नाही. उशी लावल्यापासून ती सरळ बसते.

५ मार्च, बुधवार

लस झाली. बबिताला सुट्टी मिळाली नाही, मी एकटाच घेऊन गेलो. गर्दी होती. सिस्टरनं कार्डावर लिहिता लिहिता विचारलं, "बसतात का?"

"बसतात."

"दोघी?"

आरोही माझ्या मांडीवर टणटण उड्या मारत होती. तेजू गाडीत, उशीला टेकून.

"दोघी."

"हातात वस्तू धरतात?"

"धरतात."

तिनं खुणा केल्या. मागं रांग होती.

दुपारी बबिताचा फोन आला, काय म्हणाले? मी म्हणालो, दोघी ठीक. हे लिहिताना हात थांबतोय. एवढ्या-तेवढ्यावरून पोरीला दवाखान्यांच्या फेऱ्यांना लावायचं, मग रामेश्वर म्हणणार, झालं? सांगितलं होतं ना? आणि बबिताची नोकरी जाणार. 'हितं मी हाय' असं मी त्याला म्हणालो होतो. मी असताना असं कसं होईल?

१२ मार्च, बुधवार

पाचर पुरेना. तेजू उशीवरूनही कलते. तिचं वजन वाढलंय. पुन्हा माऊलीकडं गेलो. म्हणालो, पट्टी जाड मार.

त्यानं गाडी उलटी केली, सीट दाबून पाहिली, चाकं फिरवली. "काका, एक करा. सीटा बदलून बगा की."

"म्हंजी?"

"आमी चाकाचं असंच करतो. गाडी एकीकडं वढाया लागली की डावं चाक उजवीला लावायचं, उजवं डावीला. अन् बगायचं खोट कुणीकडं जाती. तिथंच राहिली तर खोट गाडीत. चाकासंगं गेली तर चाकात."

"पोरी हायत त्या, चाकं न्हाईत."

"तेच म्हणतो. पोरींना बदलाया पाना बी लागत न्हाई." तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. पट्टी मारून दिली.

उद्या बघू.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीच्या गडबडीत राहिलं.

१८ मार्च, मंगळवार

ऊन फार. रिझर्वेशन बदललं की औषधाचा घोळ पुन्हा होईल. एका दिवसापुरतं बदलायचं तरी नीट लक्ष ठेवावं लागेल. उद्या.

२२ मार्च, शनिवार

सीट बदलायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. दहा दिवस झाले. मी दोघींना उचलतो, आणि उजवीच्या जागी उजवी, डावीच्या जागी डावी ठेवतो. हात आपोआप तिकडं जातात असं स्वतःला सांगतो. ते खरं नाही.

२५ मार्च, मंगळवार

बदलल्या.

फाटकाच्या बाहेर आल्यावर बदलल्या, म्हणजे घरात परत शिरायला निमित्त नको. उशी काढून पिशवीत टाकली. तेजू उजवीकडं, आरोही डावीकडं. दोघींचे पट्टे लावले आणि निघालो. समोर बघत होतो. दगडाबाईच्या गाड्यापर्यंत खाली पाहिलं नाही.

मग समोर येऊन पाहिलं. डाव्या सीटवर आरोही. त्या दबलेल्या, खोटाच्या, पट्ट्या मारलेल्या सीटवर खांबासारखी ताठ, दगडाबाईच्या गाजरांकडं दोन्ही हात लांब करून. आणि उजव्या, चांगल्या सीटवरून तेजू डावीकडं कललेली. डोकं बहिणीच्या खांद्यावर. मूठ मिटलेली.

दगडाबाई म्हणाली, "बगा की, कशी बहिणीच्या खांद्यावर निजलीय."

निजली नव्हती. डोळे उघडे होते. माझ्याकडंच बघत होती.

२६ मार्च, बुधवार

दोनला ऑफिसात गेलो, आलो. बबितानं विचारलं, "बरं न्हाई का मामा?" म्हणालो, उष्णता.

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी बबिता आली, तिनं पाय धुतले, चहा घेतला. मी म्हणालो, "बस जरा." दोघींना सतरंजीवर ठेवलं होतं. आरोही बसलेली, तेजू पाठीवर.

"तेजूच्या डाव्या अंगात कायतरी हाय. सीटमध्ये न्हाई. तिच्यात हाय."

ती घाबरेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "कवापसून?"

"परवा कळलं."

हेसुद्धा पूर्ण खरं नव्हतं. तिनं मोबाइल घेतला आणि लहान मुलांच्या डॉक्टरांचा नंबर लावला. त्यांच्याकडं बुधवारी वेळ मिळाली.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टर बाई वयानं बबिताएवढ्याच. अर्धा तास तेजूला बघितलं. खुळखुळा डावीकडून दाखवला, उजवीकडून दाखवला. पाय वाकवले. बगलेत धरून उभं केलं, तर डावी टाच टेकलीच नाही.

त्या म्हणाल्या, "मेंदूच्या उजव्या बाजूला जन्माच्या आगंमागं इजा झालेली असावी. तपासण्या केल्या की नक्की कळंल. डावं अंग कमजोर आहे."

मी विचारलं, "ती उजव्या हाताची असंल म्हणून—"

"एक वर्षाच्या आत मूल उजवं-डावं नसतं, आजोबा. एवढ्या लवकर एकच हात वापरायला लागलं, तर दुसऱ्याला काय झालं ते बघायचं असतं."

मी खुर्चीचा दांडा धरला.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"आठ दिवस झाले," बबिता म्हणाली.

मी पिशवीतून ही वही काढली. सकाळी घरातून निघतानाच ती आत टाकली होती. कशासाठी, ते माझं मला माहीत होतं. चष्मा लावला आणि वाचलं. आठ डिसेंबर, डावीकडं कलते. सतरा डिसेंबर. दोन जानेवारी, मूठ. चौदा जानेवारी, पडताना हात पुढं आला नाही, आजीनं विचारलं, मी ओरडलो. सहा फेब्रुवारी, उशी. एकोणीस फेब्रुवारी, सुनेनं विचारलं. पाच मार्च, सिस्टरनं विचारलं, मी म्हणालो दोघी. बारा मार्च, सायकलवाल्या मिस्त्रीनं सांगितलं. पंचवीस मार्च.

वाचताना बबिताकडं पाहिलं नाही. डॉक्टर बाई लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "याचा मला उपयोग आहे. हा आजार वाढत नाही. व्यायामानं हात-पाय बरेच सुधारतात, पूर्ण किती ते आज सांगता येत नाही. लवकर सुरू केलेलं बरं असतं. आता एक दिवस घालवू नका."

येताना गाडी बबितानं ढकलली. मी मागं. नाल्याच्या पुलावर ती थांबली.

"पाच मार्चला मी फोन केलता."

"केलता."

"तुमी म्हणालात दोघी ठीक. महिनाभर माझा घास उतरत नव्हता, मामा. त्या दिवशी मी पोटभर डबा खाल्ला. मैत्रिणींना म्हणाले, माझ्या मनाचे खेळ होते."

गाड्या जात होत्या, पूल हलत होता. मग ती पुढं गेली.

९ एप्रिल, बुधवार

बबितानं पंधरा दिवसांची रजा टाकलीय. रोज अकराला तेजूला कडेवर घेऊन व्यायामाला जाते. आरोही माझ्याकडं. बाबागाडी भिंतीला लावून ठेवलीय. घरात ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. भाजी काय आणू? दूध आलं का? तेजूला मी उचलायला गेलो की ती आधी पोचते.

रामेश्वरचा फोन आला तेव्हा तिनं स्वतःच घेतला. "नोकरी सोडायची न्हाई. रजा हाय, संपंल. तुमी दर शनिवारी येत जा, तुमालाबी शिकायचाय व्यायाम." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "आबांना कशाला बोलायचं? मला जे बोलायचं ते मी बोलंन."

अजून बोललेली नाही.

भामाबाईला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मी तवाच हिसका दिऊन नेयाला पायजे व्हती पोरीला. तुमचं ऐकून बसले, ही माजीबी चूक." ती शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. यापेक्षा त्या बऱ्या होत्या.

१३ एप्रिल, रविवार

मी सकाळी म्हणालो, "मी गावी जातो. भामाबाईला हिकडं धाडतो. तिला कळतं."

बबिता तेजूला पोटावर निजवून तिच्यापुढं वाटी वाजवत होती. मान वर न करता म्हणाली, "जायचं असंल तर जावा. पर मला सोपं जावं म्हणून जाऊ नका."

गेलो नाही. दुपारी तिनं व्यायाम दाखवला. मला शिकवायचं म्हणून नाही, आरोही रडत होती आणि कुणीतरी वाटी वाजवायला हवी होती म्हणून. अंगठा आधी बाहेर काढायचा, मग एक-एक बोट. ओढायचं नाही. वाट बघायची.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल बबिताची रजा संपली, आज ऑफिसला सुट्टी. पण काल ती गेली तेव्हाचं लिहायचं राहिलं.

सकाळी साडेनऊला तिनं गाडी भिंतीपासून ओढली. माऊलीच्या पट्ट्या तिनं परवाच काढून आणल्या होत्या. तेजूला उजव्या सीटवर बसवलं, आरोहीला डाव्या. "व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या, बहीण डावीकडं पायजे. म्हंजी बघायला तिला डावीकडं वळावं लागंल." उशी तिनं पिशवीत ठेवली नाही, कपाटावर टाकली.

"कलली की लगीच हात लावायचा न्हाई. पट्टा हाय, पडत न्हाई ती. गाडी थांबवायची, समोर येऊन हाक मारायची अन् दहापर्यंत मोजायचं. आपली आपण वर येती का बघायचं. न्हाई आली तरच हात लावायचा."

"बरं."

"दोन वाजता येता ना?"

"येतो."

ती गेली. सव्वा वाजता निघालो, वेळ लागेल हे धरून.

फाटकातच कलली. थांबलो, समोर उकिडवा बसलो, हाक मारली, मोजलं. दहा झाले. हात लावून सरळ केली. दगडाबाईपाशी पुन्हा. बोळीत मागून एक हातगाडीवाला ओरडला, "आवं बाबा, रस्त्यात काय बसलाव? देऊळ हाय का हितं?" मी हात जोडले आणि मोजत राहिलो. आठवर असताना आरोहीनं तिच्या पोटात पाय मारला. तेजू चिडली, मान उचलली, कमरेतून हलली आणि थरथरत मधे आली. आली. चार-पाच श्वास टिकली, पुन्हा गेली.

पुलावर ऊन. तिथं तर दहाच्या पुढंही मोजलं, वीसपर्यंत. तोंड लाल झालं होतं तिचं. रडत नव्हती, जोर करत होती. डावा हात कोपरात हलला, मूठ गुडघ्यावर दाबली गेली, आणि दुसऱ्यांदा वर आली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर थकली. कलली ती कललीच. मी बसलो, हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओठ काढला. मी तीन मोजले.

ऑफिसात पोचायला दोन वाजून पंचवीस झाले. बबिता जिन्याच्या तळाशी उभी होती, हातात ओढणी पिळून धरलेली. मी काही म्हणायच्या आत तिनं तेजूला उचललं.

"कितीदा कलली?"

"अकरा वेळा."

"अन् आपली आपण?"

"दोनदा."

"दोनदा?" तिनं तेजूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर ती काहीतरी शोधत होती. ते मला कळलं, आणि तिथं जे होतं तेच सांगितलं.

"शेवटी मोठ्या रस्त्याला दहा मोजले न्हाईत. तिनं ओठ काढला अन् मला सोसलं न्हाई. तीनवर हात लावला."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. ओढणी आडवी घेऊन तेजूला पाजायला लावली, आणि डाव्या मुठीचा अंगठा आधी बाहेर काढला, मग एक-एक बोट उघडायला लागली. दुसरा हात तिनं आरोहीसाठी माझ्याकडं पुढं केला नाही. म्हणाली, "तिला जरा तुमच्यापाशीच राहू द्या. सोमवारी धा मोजा."